बर्नाबासकाकाचं बटण

सिडनीतल्या आमच्या हंगेरियन वस्तीत सेंद्रेई बर्नाबासकाकाबद्दल असं बोललं जातं, की तो हंगेरीच्या राष्ट्रीय संघात लेफ्ट विंगला खेळायचा आणि छप्पन साली रशियन रणगाडे आले तेव्हा संघाच्या बुटांच्या पेटीत दडून सरहद्दीपार झाला. यातली सरहद्द तेवढी खरी. ती त्याने शेजारणीचं बदक काखेत धरून, चिखलातून चालत ओलांडली. खेळायचा तो द्योर शहरातल्या टोप्यांच्या कारखान्याच्या संघात, तेही कुणी लग्नाबिग्नाला गेल्यामुळे माणूस कमी पडला तर.

राष्ट्रीय संघ उगवला तो इथल्या निर्वासितांच्या छावणीत. साहेबाने धंदा विचारला. काका म्हणाला, टोप्या करतो. दुभाषे होते आमच्या क्लबचे कोच कालमानमास्तर, आणि त्यांना लेफ्ट विंग हवा होता. त्यांनी टोप्या गिळल्या, फुटबॉलपटू सांगितलं आणि जरा वजन यावं म्हणून पुढे ‘राष्ट्रीय’ लावलं. काकाला इंग्रजी कळत नव्हतं. तो मान डोलवत राहिला, ती सहा वर्षं.

मास्तर संघ ठरवतात बटणांवर. कोटाची बटणं खेळाडू म्हणून टेबलावर सरकवायची, हा बटणांचा फुटबॉल खेळतच आम्ही सगळे वाढलो, मास्तरांनी त्याचा कायदा केला. संघात घेतलेल्या प्रत्येकाने आपल्या थंडीच्या कोटाचं वरचं बटण कापून द्यायचं. शनिवारी ती अकरा बटणं टेबलावर सरकवत मास्तर डावपेच सांगतात. बटण परत हातात पडलं की खेळ संपला. बायको ते मुकाट्याने शिवून टाकते. त्यामुळे आमच्यात गळा उघडा टाकून हिंडणं हा मान आहे. काका सहा हिवाळे मानाने खोकतोय.

सहा वर्षांत त्याचे गोल शून्य. पण राष्ट्रीय खेळाडू म्हटल्यावर समोरचे दोघे जण त्याला चिकटलेले असायचे, आणि मोकळे राहिलेले आमचे बाकीचे गोल मारायचे. लीग आम्ही दोनदा जिंकलो ती अशी.

मग जुलैत तेरेझमावशी आली. ही त्याच टोप्यांच्या कारखान्यात कॅशियर होती. क्लबात बीन्सचं सूप वाढता वाढता तिने काकाला पाहिलं.

“हा? राष्ट्रीय? अहो, हा पाण्याच्या बादल्या आणायचा. सांडायचा नाही हं मात्र, खोटं कशाला बोलू.”

सगळे हसले. सॉसेज घेऊन आलेला क्रोएशियन खाटीक तेवढा हसला नाही. त्याला आमची भाषा कळते, आणि रविवारी आमचा सामना त्याच्याच संघाशी होता.

शनिवारी मास्तरांनी काकाचं बटण टेबलावरून उचलून त्याच्यासमोर ठेवलं. म्हणाले, “उद्या शेवटचं खेळ. मग शिवून घे.”

“शिवणार कोण? आणि गोल मारला तर?”

“तर राहू दे इथेच.”

या वेळी तर हसता हसता सूपच सांडलं लोकांनी. मी लगेच काकाची चाल, त्याचा खोकला, सगळं करून दाखवलं आणि वर म्हटलं, “काका, तू गोल मारलास तर नाताळपर्यंत तुझी नक्कल बंद.”

काकाने शांतपणे नाक पुसलं. “नाही मारला तर ही माझी मेंढीच्या कातड्याची टोपी तुझी. स्वतः केलीय. ती तरी खोटी नाही.”

रविवारी काकाकडे कुणी ढुंकूनही बघेना. खाटकाने बातमी पोचवली होती. काका एकटाच रेघेपाशी मांडी खाजवत उभा. सामना संपायला दहा मिनिटं उरली असताना चेंडू घरंगळत त्याच्याकडे आला. तो थांबला, आजूबाजूला पाहिलं. सहा वर्षं चिकटून असलेले ते दोन सोबती कुठे दिसेनात. थोडी वाट पाहिली, मग निघाला चेंडू घेऊन, भाजी आणायला निघावं तसा. गोलकीपर पुढे आला नाही. बादलीवाल्यासाठी कोण येतंय? काकाने मारलेला चेंडू त्याच्या नडगीला लागला, तिथून खांबाला, तिथून आत.

बटण टेबलावर राहिलं. पुढच्या रविवारी काकावर तिघे जण ठेवलेले होते. तेरेझमावशीही आता सांगते, बादल्या तो सरावासाठी उचलायचा.

तो गोल काका रोज संध्याकाळी सांगतो आणि दर वेळी चेंडू थोडा आणखी लांबून निघतो. ते त्याच्याच आवाजात ऐकण्यासारखं आहे. पण आज ऑक्टोबरची चार तारीख, नाताळ अजून लांब, आणि पैज मी हरलोय.