समोर बसवून चुगली

आमच्या ननंदबाईंइतक्या चुगल्या करणारी बाई अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरी सापडायची न्हाई, अन् हे मी त्यांच्या पाठीमागं म्हणायलेय असं बी न्हाई, त्या इथंच पोरांचे पेपर तपासत बसल्यात अन् मधूनच "काय लिहायलीस गं एवढं?" म्हणून इचारायल्यात. दुसऱ्या बाया चुगली करायची म्हणलं की पदर तोंडाला लावतेत, इकडं तिकडं बघतेत, आवाज बारीक करतेत. आमच्या ननंदबाई ज्याची चुगली करायची त्यालाच आधी समोर बसवतेत, प्यायला पाणी देतेत, अन् मग फोन लावून त्याच्यादेखत सगळं सांगतेत, वरून त्यालाच म्हणतेत, "माझं काही चुकलं तर मधी बोल." मी मानवतहून लग्न होऊन आले तेव्हा भाजीत मीठ जास्ती पडलं तरी छाती धडधडायची अशी भित्री, त्यात शाळा अर्ध्यात सुटलेली, अन् ननंद विद्यापीठात प्राध्यापक! पहिल्याच महिन्यात त्यांनी मला खुर्चीवर बसवलं अन् माझ्या आईला फोन लावला. "मावशी, तुमची पोरगी जेवत न्हाई, निसता भात चिवडायलीय. इथंच बसलीय माझ्यासमोर, रडायच्या बेतात हाय. घ्या, बोला." मला तर वाटलं, जमीन फाटली तर बरं. पण दुसऱ्या दिशी आई लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन एसटीनं आली, अन् तिला बघून मी खरंच पोटभर जेवले.

त्यांच्या तावडीतून कोणी सुटत न्हाई. आमचे हे घरचा डबा दोस्तांना वाटून भजे खातेत, ही गोष्ट मला त्यांनी ह्यांना शेजारी बसवूनच सांगितली, अन् हे बिचारे सख्ख्या बहिणीकडं बघत भजे पचवत बसले. गल्लीत येणारा भाजीवाला काटा मारतो म्हणून त्याच्याच फोनवरून त्याच्या आईला फोन! "आजी, तुमचा लेक समोरच उभाय, टमाटे तोलायलाय, अंगठा बघा म्हणलं कुठं ठेवलाय." तेव्हापासून तो आमच्या घरी एक टमाटं जास्तीच टाकतो अन् लगेच पळतो. बाईंचा विषय माती. माती म्हणजे खरीखुरी रानातली माती, ती पिशव्या भरून आमच्या फ्रिजात ठेवतेत, कोथिंबिरीच्या शेजारी. एकदा मी घाईत त्यातली एक पिशवी आटा समजून परातीत ओतली तर रागावल्या न्हाईत, वाकून बघितलं अन् म्हणल्या, "जरा भारी जमिनीतली हाय, हिची पोळी फुगायची न्हाई."

तर अशा बाईला विद्यापीठानं काम कोणतं द्यावं? एखादं पोरगं न्हाईतर पोरगी वेगळी वागायली, जेवण सोडलं, वर्गात यायची बंद झाली, तर यांना सांगायचं, अन् यांनी त्याचं बघायचं. म्हणजे चुगल्या करायचं सरकारी कामच की! त्यांनी मेसवाल्याला, चहावाल्याला, झेरॉक्सवाल्याला, गेटवरच्या वॉचमनला, सगळ्यांना जाऊन बजावलं, "तुमाला खात्री असायची गरज न्हाई, आजार ओळखायची बी गरज न्हाई. जिवाला जरा बी काळजी वाटली की मला सांगा. पुढचं मी अन् डॉक्टर बघतो." मग काय, फोनच फोन. एकदा चहावाल्यानं कळवलं की एक पोरगा लिंबाखाली उभा राहून कवापासून एकटाच बोलायलाय अन् झाडाला हात जोडायलाय. बाई हातातला घास टाकून स्कूटीवर पळाल्या. बघतेत तर त्याच्या कानात फोनची ती बारकी मशीन, अन् देवगाव फाट्याची एक पोरगी रुसलेली, तिची मनधरणी चाललेली. दुसरं कोणी असतं तर चहावाल्याला झापलं असतं. यांनी त्या पोराला टपरीवर आणून बसवलं अन् त्याच्यादेखत चहावाल्याला सांगितलं, "हा बरा हाय, निसता प्रेमात हाय. पण तुमी कळवलं ते लय चांगलं केलं, असंच कळवत जा." मी म्हणलं, "अवो, फुकट पळालात की उन्हाचं." तर म्हणल्या, "फुकट पळालेलं परवडतं गं मला."

ज्यांचं खरंच काही बिनसलेलं असायचं ते पोरं घरी यायचे. घरी आलं की भाषण न्हाई, उपदेश न्हाई, हातात तांदळाचं ताट. "खडे बघ रे जरा." पोरगं मान खाली घालून खडे बघायचं, अन् मान खाली असली की तोंडातून आपोआप निघायचं जे निघायचं ते. मग बाईंच्या हातची खिचडी, जी एक तर पातळ पाण्यासारखी न्हाईतर सुरीनं कापावी लागायची. मला आपली भीती, कोण कुठलं पोरगं, कशाचं काय, अन् घरात तान्हं लेकरू.

पण ज्या दिशी त्यांनी आमची बाळी चुडावा गावच्या एका पोराच्या मांडीवर ठेवली, त्या दिशी मला वाटलं आता यांचंच डोकं फिरलं. त्या पोराबद्दल त्याच्या खोलीतले दोस्तच सांगायला आले होते. भिंतीकडं तोंड करून पडून राहतो, आंघोळ न्हाई, झोप न्हाई, नवे बूट एकाला देऊन टाकले, चादर दुसऱ्याला. होस्टेलात कोणी म्हणायचं याला बाहेरचं लागलंय, कोणी म्हणायचं एखाद्याला मारील. अन् बाई त्याला भर दुपारी स्कूटीवर मागं बसवून घरी घेऊन आल्या! उंच, दाढी वाढलेली, डोळे कुठंच न बघणारे. बाईंनी पाणी दिलं, समोर बसल्या, अन् चहा घेणार का इचारावं तसं इचारलं, "मरायचं मनात येतं का रे?"

माझ्या हातातलं उलथनंच पडलं. "अवो, असं कोणी इचारतं का!"

"इचारल्यानं येत न्हाई गं. आलेलं असलं तर कळतं."

पोरगा फरशीकडं बघतच म्हणला, "येतं. रोजच येतं."

"बरं केलं सांगितलंस. आता मी तुझी चुगली करणार. डॉक्टरांना अन् तुझ्या वडलांना. इथंच बसून ऐक."

"मॅडम, वडलांना नका सांगू. त्यांना काय वाटंल?"

"जे वाटायचं ते माझ्यासमोर वाटू दे," म्हणल्या अन् लावला की फोन, आवाज मोठा करून. "दादा, पोरगं तुमचं आजारी हाय. पाय मोडला असता तर आला असता का न्हाई? तसंच समजा अन् या. अन् राग आला असंल तर तो चुडाव्याच्या टेसनावर ठेवून मगच गाडीत बसा." तिकडून म्हातारा आवाज, "येतो बाई. हीच गाडी धरतो. त्याला... त्याला जेवू घाला तवर."

डॉक्टरांनी दिवस मावळायच्या आत घेऊन या म्हणलं. स्कूटीवर सगळे मावणार कसे, म्हणून बाई गेटावर ऑटो बघायला निघाल्या, अन् जाता जाता पाळण्यात पेंगायलेली बाळी उचलून सरळ त्याच्या मांडीवर! "मांडी हलवू नको रे. उठली तर घर डोक्यावर घेते." मी धावत मागं गेले, दारात त्यांचा हात धरला, "अवो ननंदबाई, लेकरू!" तर बारीक आवाजात म्हणल्या, "झोपलेलं लेकरू मांडीवर असलं की माणूस उठून कुठं जात न्हाई. तू जवळ बस. मी गेटातच हाय."

मी बसले, पण कशी बसले माझं मला माहिती. बाळी त्याच्या मांडीवर मुठी चोखत झोपलेली अन् माझे दोन्ही हात आपोआप पुढं झालेले, झेलायला. त्यानं हळूच मनगटावरचं घड्याळ सोडलं. "वहिनी, हे बाळीला ठेवा. मोठी झाल्यावर घालंल. मला आता लागत न्हाई." मग म्हणला, "मॅडमला सांगू नका." सांगावं तर हा चिडणार, अन् लेकरू त्याच्या मांडीवर. न सांगावं तर ह्या पोराचं उद्या काय? तेवढ्यात बाई आत आल्या, वडलांना टेसनावरून घेऊनच ऑटो येतो म्हणल्या, अन् मी, जी सासऱ्यांसमोर साधं तोंड वर करून बोलत न्हाई, मी स्टूल ओढलं अन् त्या पोराच्या बरोब्बर समोर बसले. "ननंदबाई, मी ह्याची चुगली करायलेय. समोरच करायलेय. हा बाळीला घड्याळ द्यायलाय, लागत न्हाई म्हणतो, अन् तुमाला सांगू नका म्हणला." अन् त्याच्याकडं बघून म्हणलं, "काही चुकलं का माझं? चुकलं तर सांगा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. खरंच बघितलं, आल्यापासून पहिल्यांदा. "न्हाई वहिनी. बरोबर हाय." अन् रडायला लागला, पण मांडी हलू न देता, डोळे खांद्याला पुसत, हुंदका दाबत, लेकरू उठू नये म्हणून. बाईंनी घड्याळ उचलून परत त्याच्या हाताला बांधलं. "हिला कशाला रे वेळ बघायची? तुला लागंल. गोळी कवा घ्यायची ते कशात बघशील?" अन् आमच्या बाळीनं तेवढ्यात झोपेतच त्याच्या पँटीवर कार्यक्रम उरकला. तो रडता रडता दचकला, मग खाली बघून हसला, अन् मला काय झालं कळंना, मी बी हसायले अन् रडायले.

वडील आले ते तसेच धावतपळत, टोपी वाकडी झालेली, हातात शेंगांची पिशवी. दारातच उभे राहिले. मग जवळ येऊन त्याच्या गुडघ्याला हात लावून म्हणले, "पँट कशानं वली झाली रे?" बाईंनी तोंड फिरवलं. मग सगळे एका ऑटोत कोंबून दवाखान्यात गेले.

पुढं तो गावाकडं राहिला, औषध चाललं, डॉक्टरकडं येणं जाणं चाललं, मधी एकदा परत बिनसलं तेव्हा त्यानं स्वतःच बाईंना फोन केला, "मॅडम, मी माझीच चुगली करायलोय." इकडं वर्गात परत आल्यावर दर रविवारी घरी यायचा, बाळीला खांद्यावर घेऊन गल्लीतल्या गाई दाखवायचा. मग एक रविवार आड यायला लागला. मग सणावारालाच. मग न्हाईच.

परवा सांजच्याला आमी दोघी गेटात उभ्या होतो, बाळी माझ्या बोटाला धरून. समोरून चार पोरं आले, एकमेकाच्या पाठीवर धपाटे मारत, मोठ्यानं हसत, अन् त्यातला सगळ्यात जोरात हसणारा तोच. आमच्या गेटावरून गेला, इकडं बघितलं सुद्धा न्हाई. मी हाक मारणार, तर बाईंनी माझा दंड धरला. "नको. जाऊ दे."

"अवो पण बघितलं बी न्हाई त्यानं!"

"बघायची आठवण झाली न्हाई त्याला," म्हणल्या, "केवढं चांगलं झालं गं हे."

पोरं वळणावरून गेले, आवाज बी गेला. मी बाळीला घेऊन आत आले, कुकर लावला, तिला भरवलं, अन् मग बाहेर डोकावले, तर रस्त्यावर चिटपाखरू न्हाई अन् आमच्या ननंदबाई अजून तिथंच उभ्या, गेटाच्या गजावर हात ठेवून.