बाईचं काम बाईनंच

धुळ्याच्या आमच्या जुन्या, पत्र्याच्या नाट्यगृहात गावातलीच मंडळी नाटकं करायची. फक्त नटी पुण्याहून यायची. एका वर्षी तिनं ऐनवेळी नकार कळवला. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते, गॅदरिंगची नाटकं बसवत होते. मंडळाचे लोक माझ्याकडे आले आणि मी हो म्हणून बसले. वडिलांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

तालमी नाना घ्यायचे. तरुणपणी त्यांनी याच रंगमंचावर नऊवारी नेसून नायिका गाजवल्या होत्या. पहिल्याच तालमीत मी मुरडत चालून दाखवलं. नाना पोट धरून हसले.

"पोरी, बाईसारखं चालायची मेहनत मी करायचो. तू बाईच आहेस. नेहमीसारखी चाल."

गावात कुजबुज वाढली. प्रयोग रविवारी दुपारी होता. मी रंगमंचावर पाऊल टाकलं आणि मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "मास्तरीण आली रे!" कुणी ओरडलं. मी जागीच थांबले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आक्का उठल्या. नाटकाच्या पडद्यांचं कापड दरवर्षी पुरवणाऱ्या मारवाडी घराण्यातल्या त्या सर्वांत वडीलधाऱ्या. त्यांची नात माझ्या वर्गात होती. त्यांच्या घरातली बाई आजवर या नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती. त्या दिवशी आक्का अख्ख्या गल्लीतल्या बायका घेऊन आल्या होत्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या मागे वळल्या आणि अहिराणीत सगळ्यांवर कडाडल्या.

"बठ्ठा गुपचूप बसा! आमनी पोर शे ती!"

शिट्ट्या थांबल्या. मी विंगेकडे पाहिलं. नाना 'बोल' म्हणून मान हलवत होते. मग मी बोलले. पहिल्या वाक्याला आवाज कापला, दुसऱ्याला नाही. तिसऱ्या अंकातल्या पदाला वन्समोर मिळाला, आणि तो मागितला शिट्ट्या मारणाऱ्या त्याच पोरांनी! पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. नानांनी मला हाताला धरून पुन्हा पुढे नेलं, आणि गर्दीत अगदी मागे, दाराशी उभे असलेले वडील मला दिसले. टाळ्या वाजवत होते.

पुढच्या वर्षी तालमीच्या पहिल्याच दिवशी आक्का आल्या. सोबत त्यांची धाकटी सून होती, लाजेनं लाल झालेली.

"नाना, हिले बी शिकाडा," आक्का म्हणाल्या.

नानांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि वाचायला नायिकेचं काम. मी त्या वर्षी खलनायिका झाले, आणि तीही गाजवली.