हाक गेली, ओ आला नाही

परवा रविवारी पिंपळवंडीत, आमच्या मळ्यातल्या घरी, मी दोन लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसले होते... दुसऱ्या दिवशी नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल. मागच्या वेळी याच विषयात दांडी उडाली होती. यंदाही राहिला असता तर वर्ष वाया.

प्रोग्रॅम तसा छोटासाच. माझ्या लॅपटॉपवरच्या क्लायंटने मेसेज पाठवायचा, भावाच्या जुन्या लॅपटॉपवरच्या सर्व्हरने तो दाखवायचा. तो जायचा यूडीपी पद्धतीने, म्हणजे आधी कनेक्शन जोडायची भानगड नाही, पत्ता टाकायचा आणि मेसेज सोडून द्यायचा.

क्लायंट म्हणे, ‘पाठवला’. सर्व्हर ढिम्म. एरर म्हणून कुठे नाही... वैतागून सर्व्हर बंदच केला, तरी क्लायंटचं आपलं ‘पाठवला’ चालूच. अरे, पण कुणाला? मला खरंच काही कळेना, दुपारभर क्लायंटचाच कोड खालीवर करत राहिले.

दिवस मावळायला आई अंगणातून हाका मारायला लागली. आबा, म्हणजे माझे वडील, उसाला पाणी द्यायला गेले होते. आमच्याकडे बिबट्याची भीती... म्हणून उसात गेलेल्या माणसाला घरून अधूनमधून हाक मारायची आणि त्याने ओ द्यायचा, हा घरोघरचा नियम.

आईने हाक मारली. ओ नाही. मी बाहेर येऊन मारली... तरी ओ नाही. आबांचा फोन तर घरातच चार्जिंगला लावलेला.

हाक गेली होती, माझ्याच तोंडातून गेली होती. पण पोचली का? की पोचली आणि आबांना ओ देता येत नाहीये? अंगणात उभं राहून काहीच ठरवता येईना.

बॅटरी आणि काठी घेऊन आम्ही निघालोच होतो, तेवढ्यात बांधावरून आबा आले. खांद्यावर खोरं, चेहऱ्यावर काही नाही.

आई भडकली. "ओ द्यायला काय जातंय तुमचं? जीव थाऱ्यावर न्हाई राहिला."

"दर हाकंला ओ दिला की," आबा म्हणाले. "इथं ही कुट्टी चालू हाय, तुमाला काय ऐकू येणार?"

शेजारच्या काकांच्या गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन दणदणत होतं. ते तोवर आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

घरात आले आणि चमकले... दुपारपासून मी हाक मारणाऱ्यालाच धरून बसले होते, ऐकणाऱ्याकडे बघितलंच नव्हतं. सर्व्हरचा कोड उघडला, तर त्याला मी फक्त त्याच्या स्वतःच्या मशीनवरचे मेसेज ऐकायला बसवलेलं. सर्व्हरचा ऐकायचा पत्ता बदलला आणि मेसेज लगेच आला. मग सर्व्हरला उलट उत्तर द्यायला लावलं आणि क्लायंटला थोडी वाट बघायला.

प्रॅक्टिकलला सरांनी नेमकं विचारलं, उत्तर आलं नाही तर काय समजायचं?

"नक्की काहीच नाही, सर. मेसेज हरवला असेल, नाहीतर उत्तर हरवलं असेल." सरांनी मान डोलावली आणि सही केली.

विषय सुटला बहुतेक. डोक्यातला गोंधळ मात्र अजून पुरता सुटलेला नाही... आबा तिकडे ओ देत होते आणि आम्ही दोघी इकडे रडकुंडीला आलो होतो.

आता आई स्वयंपाकघरातून हाक मारते, तेव्हा मी हेडफोन काढून मोठ्याने ओ देते. आणि तिला तो ऐकू गेला का, ते बघायला उठून जाते.