उपाशी पोटी सुई

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर आता ते सगळ्यांना पाठ आहे. मत्स्यशास्त्र शिकले, पाड्याच्या भाषेत, "पोरगी मासे शिकली."

शिकून आले त्याच हिवाळ्यात आमच्या शेततळ्यातल्या रोहूंच्या अंगावर लाल जखमा उठल्या. मासे पोट वर करून तरंगायला लागले. बाबा एवढंच म्हणाले, "पुढल्या थंडीत पण असंच झालं तर तळं बुजवायचं. त्याच्या तळाशी अंथरलेलं प्लास्टिक गोठ्यावर घालू. गुरं तरी कोरडी राहतील." पुढे कित्येक महिने ते जाता-येता गोठ्याचं छप्पर न्याहाळत.

मग मी कॉलेजातल्या सरांना गाठलं. त्या जखमांच्या जंतूवर त्यांच्याकडे चाचणीसाठी लस होती. पाऊस सरल्यावर, थंडीच्या आत टोचायचं ठरलं. मी घरात बजावलं, आदल्या दिवसापासून माशांना काही घालायचं नाही. भरल्या पोटी हाताळलं तर मासा दगावतो.

"माशाला सुई?" शेजारची काकी म्हणाली. "दंडावर का गं?"

"पोटात, काकी."

"अगं बाई! कुत्रा चावला काय त्यांना?"

ठरलेल्या सकाळी सर बर्फाच्या डब्यात लस घेऊन आले. तळ्याशी जाऊन बघतो तर पाण्यावर कोंडा तरंगतोय आणि आई पदराला हात पुसतेय.

"आई, काय केलंस हे?"

"दोन मुठी तर घातला. तुला अंगणवाडीत सुईला न्यायची तेव्हा पेज पाजूनच न्यायची मी. उपाशी पोटी कोण सुई देतं? चक्कर येते."

सर हसले, पण टोचणं दुसऱ्या दिवसावर गेलं. लस मुक्कामाला दुकानदाराच्या फ्रिजमध्ये, थंड पेयांच्या बाटल्यांशेजारी, सर आमच्याकडे. आईला त्याचंही काही वाटलं नाही. वाढायला आणखी एक ताट मिळालं. बाबा मात्र त्या दिवशी कोंड्याच्या पोत्यावरच बसून राहिले. आई जवळून गेली की जरा पसरून बसत.

दुसऱ्या सकाळी लवंगेच्या तेलाचे थेंब टाकलेल्या पाण्यात मासे गुंगून आडवे झाले.

"मारलेस गं सगळे!" आई ओरडली.

एकेकाला टोचून ताज्या पाण्यात सोडलं. थोड्या वेळाने शेपटी मारून पसार! सरांपेक्षा माझा हात जलद चालत होता. हेही मी कुणी न विचारता सांगते.

थंडी पडली. खालच्या पाड्यावरच्या तळ्यात जखमा उठल्याची बातमी आली, तसे बाबा रोज उजाडताच आमच्या तळ्यावर जाऊन उभे राहायला लागले. परत आले की चहा पीत. आमचेही दोन-तीन मासे गेले, लपवत नाही. बाकीचे मात्र धडधाकट राहिले. संक्रांतीनंतर जाळं ओढलं तेव्हा हाताला चांगलं वजन लागलं.

"बघा, लशीने वाचवले," मी काकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं.

"लस कसली?" आई म्हणाली. "तू सरांना एसटीवर सोडायला गेलीस ना, तेव्हा मी नाचणीची पेज घातली तळ्यात. तिनेच अंगात ताकद आली त्यांच्या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनीच निकाल दिला. "पुढल्या वर्षी सुई तू दे, पेज तिला घालू दे. आधी नाही, नंतर."

आणि गोठ्यावर चढून ते नव्या पेंढ्याने छप्पर शाकारायला लागले.