टॉसच्या आधीची हरकत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगणार होतो, ती गेली. आता तुम्हाला सांगतो आहे. पण एक अट आहे, मधेच मला समजावू नका. "तेव्हा वय लहान होतं" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. लहान नव्हतो. एकवीस वर्षांचा होतो, बी.ए. झालो होतो — आमच्या घरातला पहिला, गावातला तिसरा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आर्वी तालुक्यात तेव्हा उन्हाळा म्हणजे टेनिस बॉलचे आठ-आठ षटकांचे सामने. चुन्याची रेघ, झाडाला बांधलेला लाउडस्पीकरचा पोंगा, त्यावर ओरडणारा कोणीतरी. स्पर्धेचा नियम एकच कडक होता — एक गाव, एक संघ. बाहेरचा खेळाडू चालणार नाही, पुरावा रेशन कार्डाचा. आणि हरकत घ्यायची तर टॉसच्या आधी, लेखी. नियमांचा तो कागद आयोजकांनी माझ्याकडूनच लिहून घेतला होता. माझं अक्षर चांगलं ना!

आमचा कॅप्टन गजू. त्याच्याइतका वेगवान गोलंदाज त्या भागात नव्हता. सातवीत शाळा सुटली, कापसाच्या जिनिंगमध्ये रुईचे गठ्ठे उचलायचा. बापानं हाकलल्यावर त्याची आई चार वर्षांच्या पोराला घेऊन आमच्या गावी, भावाच्या घरी आली होती. मामानं सांभाळलं, पण रेशन कार्डावर नाव काही चढवलं नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं. तो विषय कोणी काढत नव्हतं. गजू आमच्याच गावचा, यात कोणाला शंका होती?

मी कॉलेजात असताना तीन वर्षं त्यानं मला सकाळी सायकलवर डबलसीट फाट्यावर सोडलं. चार किलोमीटर. मग कामावर जायचा. माझा निकाल लागला तेव्हा पेढे त्यानं वाटले. "आपला बाबू बी.ए. झाला" — आपला, म्हणाला. एवढं माझ्यासाठी कोणी केलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल तुम्हाला कुठेही मऊ वाटायला नको.

उपांत्य सामन्यात माझ्या हातून सोपा झेल सुटला. फायनलच्या सकाळी गजूनं अकरा नावं सांगितली, त्यात मी नव्हतो. मी विचारलं, काऊन? तो हसला. "तू बस बाबू. तुह्या हातात पेनच बरा दिसते." पोट्टे खो खो हसले. मीही हसलो.

हसलो — आणि आत काय पेटलं ते लिहायची लाज वाटते. सातवी शिकलेला मला बसवतो? बी.ए.ला? अख्खं गाव बैलबंडीत, ट्रॅक्टरवर बसून आलेलं, आणि मी रेघेबाहेर? याच्या पलीकडे काही कारण नव्हतं. मी शोधलं, इतकी वर्षं शोधलं. नाही.

टॉसला अर्धा तास होता. समोरच्या संघाच्या कॅप्टनला त्याच्या किटबॅगेत एक चिठ्ठी सापडली. "गजूचं रेशन कार्ड मागा." वाकडंतिकडं अक्षर. त्यानं ती हातात नाचवत आणली आणि लेखी हरकत दिली. आमचे पोट्टे भांडायला उठले. आयोजकांचे अध्यक्ष, एक वयस्कर गुरुजी, त्यांनी मला पुढे बोलावलं.

"तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच सांगा, खोटं बोलणार नाही तुम्ही. हा तुमच्या गावचा आहे का?"

काय सांगायचं होतं मला? "हो." एक अक्षर. सतरा वर्षं तो आमच्याच गावात राहत होता, ते खरंच होतं. मी खाली मान घालून म्हणालो, "कार्डावर नाव नाही, गुरुजी." पोंग्यावरून जाहीर झालं — बाहेरचा खेळाडू बाद. आणि माझ्या खरेपणाबद्दल टाळ्या वाजवायला सांगितलं. लोकांनी वाजवल्या. टाळ्या!

चिठ्ठी मी लिहिली होती. डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. बॅगेत मीच टाकली.

गजूच्या जागी मला घेतलं. माझ्या पायात चप्पल होती. त्यानं आपले कॅनव्हासचे बूट काढून दिले. "घे, मोठे होतीन तुले. पण चालते." तो अनवाणी जाऊन रेघेबाहेर बसला आणि शेवटपर्यंत ओरडत राहिला — आमच्यासाठी. ढाल आम्हीच जिंकलो. माझी बॅटिंग आली नाही, माझ्याकडे एक चेंडूही आला नाही.

इथं संपलं असतं तर कदाचित गिळलं असतं मी. पण त्या वर्षी गजूचा मामा वारला आणि मामेभाऊ मंगेशनं मायलेकरांना घर सोडायला सांगितलं. चावडीवर चार माणसांत म्हणाला, "बाहेरचा आहे हा. भर मैदानात साबित झालं ना! आपल्या बाबूनंच सांगतलं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेकडे पाहिलं. दोघं भांडी पोत्यात भरून आर्वीला निघून गेले.

मला नोकरी लागली, मास्तर झालो. वर्गात पोरांना खरं बोला म्हणतो. संताप येतो स्वतःचा, खडू मोडतो हातात.

आठ-नऊ वर्षांनी आर्वीच्या बसस्टँडवर ती मायलेकरं भेटली. गजू आईला सावंगीच्या दवाखान्यात न्यायला निघाला होता. त्यानं चहा पाजला, घरचं सगळं विचारलं. मग मंगेशचा विषय निघाला तसा त्याचा चेहरा बदलला. "ते चिठ्ठी त्यानंच टाकली होती. घराच्या जागेसाठी. मेला तरी त्याच्या दारात नाई जाणार मी."

बोलायची वेळ होती ती. मंगेश लोभी होता, पण ते पाप त्याचं नव्हतं. मी कपातला चहा ढवळत राहिलो. त्या चहात ढवळण्यासारखं काही नव्हतं.

गजूची आई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे रे बाबू. आम्ही तुले कधी बोल लावला नाई. तुले इचारलं, तू खरं सांगतलं. खरा माणूस आहे तू."

गाडी लागली. मी तिच्या पाया पडलो. तिनं डोक्यावरून हात फिरवून आशीर्वाद दिला — आणि मी तो घेतला.