चेंडूंची खांदशेकणी

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली आणि विमानात बसणारीही मीच. दोन्हींसाठी मी अमरावतीच्या कॉलेजातल्या सरांची ऋणी आहे. माझा भाला माझ्या सावलीपलीकडे जाईना, तेव्हा त्यांनी मला लॉन बोल्समध्ये घातलं. हिरवळीवरून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि लांबच्या छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ थांबवायचा, इतकाच हा खेळ. फक्त तो जड चेंडू सरळ जात नाही, एका अंगाला वळतो. कोणत्या, ते त्याच्यावरच्या लहान गोलाच्या खुणेवरून कळतं.

तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावी मी हे बाबांना समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "मंजे आपल्या डाव्या बैलासारखं. त्यालेबी एकीकडंच ओढ होती."

तो बैल आणि त्याचा जोडीदार, दोघेही ट्रॅक्टर आल्यावर विकले गेले. भारतीय संघाची निवड चाचणी रांचीला होती, पोळ्यानंतर लगेच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पाहते तर बाबा माझे चारही चेंडू पाटावर मांडून त्यांना हळद-लोणी चोळत होते. खांदशेकणीला बैलांच्या खांद्यांना चोळतात तसंच.

"बाबा, काय करून राहिले हे?"

"चूप. आवतण देऊन राहिलो." मग चेंडूंकडे वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

"जेवतीन कशानं?" आई चुलीपासून ओरडली. "तोंड कुठं हाय त्याईले?"

"तू पुरण वाट."

पोळ्याला त्यांनी शिंगांना लावतात ते चकचकीत बेगड चारही चेंडूंच्या दोन्ही अंगांना डकवलं. रेल्वेत मी तिघांचं खरवडून काढलं. चौथ्याचं राहू दिलं, कारण बाबा म्हणाले होते, "एकाचं तरी ठेव, नजर लागते." मोठा तुकडा खुणेवर आहे, एवढं मी लक्षात ठेवलं.

मोठा तुकडा दुसऱ्या बाजूला होता. चाचणीत माझा पहिलाच चेंडू उलटा वळला, शेजारच्या पट्टीत शिरला आणि तिथल्या बाईंच्या पांढऱ्या चेंडूला जाऊन टेकला. त्या बिचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. निवड समितीने नाही.

"वखर हाकून राहिली का?" सर कुंपणाबाहेरून ओरडले.

हा सामना हरले असते तर संघातली जागा गेली असती. मी नखांनी बेगड सोललं, खूण शोधली आणि पुढे जीव तोडून खेळले. शेवटपर्यंत बरोबरी होती. शेवटचा माझ्या हातात राहिला तोच बेगडवाला, हळदीने पिवळा झालेला चेंडू. तो लोळत, डुलत गेला आणि पांढऱ्याला लागूनच बसला. संघात माझी निवड झाली.

फोनवर बाबांना सगळं सांगितलं. शेजारच्या पट्टीचंही.

"मंग त्यात काय?" ते म्हणाले. "नवा बैल पयल्या दिवशी शेजाऱ्याच्याच वावरात शिरते. जेवला ना पण पोटभर?"