घाईकाका आणि न संपलेलं वाक्य

समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं घाईकाकांच्या रक्तातच नव्हतं. बायकोने "अहो, जरा दुकानातून..." एवढं म्हणावं, की हे पिशवी घेऊन जिना उतरलेले. तिला हवा असायचा साबण, घरी यायचे बटाटे.

गंमत म्हणजे याच खोडीवर त्यांचं घर चाले. मोठ्या सभांमध्ये इंग्रजी भाषण चालू असतानाच ते चिनीत सांगत जायचं, हा त्यांचा धंदा. सभागृहाच्या मागे काचेची एवढीशी खोली, आत काका आणि त्यांच्या थोरल्या वहिनी. आळीपाळीने बोलायचं. इंग्रजी वक्ता आधी वस्तूचं नाव घेतो आणि मग 'जी अशी, जी तशी' करत शेपटं जोडत सुटतो. चिनीत ती शेपटं आधी लागतात. वहिनी लांबलचक वाक्याचे तुकडे पाडत, वक्त्याच्या दोन शब्द मागे राहून शांतपणे सांगत. काका शेवट ओळखून मोकळे होत.

"भावजी, तुम्ही त्याच्या पुढे धावता," त्या दिवशी वहिनींनी बजावलं. "आज धावलात, तर उद्यापासून मी दुसऱ्या कुणाबरोबर बसेन."

काकांनी लगेच कान पकडले. आकडे नि अवघड शब्द झरझर लिहून पुढ्यात सरकवणाऱ्या वहिनी नसल्या, तर यांना त्या खोलीत उभं कोण करणार?

विषय होता लिफ्टचे ब्रेक. वक्ता म्हातारा इंजिनीअर, दोन शब्दांच्या मध्ये ऐकणाऱ्याने डुलकी काढून घ्यावी असा.

"तुम्ही सगळ्यांनी विकत घेतलेला हा ब्रेक," तो म्हणाला, "आमच्या चाचणीत..." आणि पाणी पिऊ लागला.

काकांना राहवेना. "उत्तम पास झाला," त्यांनी चिनीत सांगून टाकलं. सभागृहातल्या चिनी पाहुण्यांच्या माना समाधानाने डोलल्या.

म्हाताऱ्याने ग्लास ठेवला. "नापास झाला."

टेबलाखालून वहिनींचा चिमटा बसला. "असं जाहिरातीत म्हणतात," काका घाईघाईने म्हणाले, "चाचणीत मात्र नापास झाला." पाहुणे खो खो हसले. ब्रेकवर बोलून आयुष्यात कधी हशा न मिळालेला म्हातारा इतका खुलला, की त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं. वहिनींनी माइक ओढला आणि थंडपणे खुलासा केला, "जाहिरातीचं वक्ते बोललेले नाहीत, ती दुभाष्याची भर."

सभेनंतर चहाच्या टेबलावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, उद्यापासून मी तुमच्याबरोबर..." आणि सावकाश चहा पिऊ लागल्या.

काकांची जीभ वळवळली. त्यांनी ती दातांखाली धरली. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून गेली, काकांचा चहा गार झाला, कानशिलं मात्र तापली.

"...बसेन," वहिनी म्हणाल्या.

"मला वाटलंच होतं, की तुम्ही..."

"माझं संपलेलं नाही, भावजी. बसेन, पण चिमट्याचा हक्क माझ्याकडे राहील."